छर्रे मोजून ठेवा

माझ्या पलंगाखाली तीन खोकी आहेत. पहिल्यात हब (चाकाच्या मधोमध असतो तो भाग), क्रँक, पेडल असं जड सामान, दुसऱ्यात ब्रेक आणि गिअरचे भाग. तिसऱ्यावर मी मार्करने ‘माहीत नाही’ असं लिहून ठेवलंय. सुरुवातीला सगळंच तिसऱ्यात होतं. आठ वर्षांत ते अर्ध्यावर आलं, एवढीच काय ती माझी प्रगती. दिवसा मी मुद्रितं तपासते आणि संध्याकाळी जुन्या सायकली खोलून त्यांचे सुटे भाग देते-घेते. चुका दोन्हीकडे बारीकच असतात, फक्त इथे हात काळे होतात.

नवख्यांना मी सांगते, पान्यांचा मोठा सेट घ्यायची घाई करू नका, आधी कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) घ्या. सायकलचे सुटे भाग दिसतात सारखे आणि बसत मात्र नाहीत. सीटपोस्टच, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तीच बघा. २७.२, २७.०, २६.८ अशी ०.२ मिलिमीटरच्या फरकाने मापं असतात आणि डोळ्यांना तिन्ही एकच वाटतात. मी एकदा प्लास्टिकच्या पट्टीने मोजून २७.०ची २७.२ म्हणून विकली. घेणाऱ्याची सीट चार दिवस रोज बोटभर खाली जात राहिली. शेवटी ती परत आली, जाण्यायेण्याचा टपालखर्च मी भरला आणि त्याच आठवड्यात कॅलिपर घेतला. बहुतेक सीटपोस्टच्या खालच्या टोकाला माप कोरलेलं असतं. ते वाचायचं आणि तरीही मोजायचं, कारण आधीच्या मालकाने कानस चालवलेली असू शकते.

टायरच्या बाबतीत इंच विसरा. ‘२६ इंची’ हा शब्द मला फार महागात पडलाय. २६ × १ ३/८ चा टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५९० मिलिमीटर, आणि २६ × १.७५ चा बसतो ती ५५९ची. नाव एक आणि फरक ३१ मिलिमीटरचा! टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४७-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. घेताना आणि विकताना फक्त दुसरा आकडा जुळवा. ६२२ असेल तर तीच ७००सी.

आट्यांचंही तसंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण पाना हातात आला की गोंधळ होतो. मी एकच खूण धरते: पान्याची दांडी उभी धरून वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही बाजूंचं पेडल घट्ट होतं, मागे ओढलं की सैल होतं. बॉटम ब्रॅकेट (फ्रेमच्या तळाशी क्रँकचा आस फिरतो तो भाग) मात्र भल्याभल्यांना रडवतं. इंग्लिश मापात उजव्या कपाचे (नळीत आट्यांनी बसणाऱ्या वाटीचे) आटे उलटे असतात, इटालियन मापात दोन्हीकडे सरळ. मोकळ्या नळीची रुंदी कॅलिपरने मोजली तर इंग्लिश बहुधा ६८ मिलिमीटर भरते आणि इटालियन ७०. हे माहीत नसताना मी पान्याला हातभर लांब पाइप लावून उजवा कप अर्धा तास उलट्या दिशेने, म्हणजे आणखी घट्ट, करत बसले होते. तो कप पुढे निघाला, माझी पाठ मात्र आठवडाभर धरली होती.

आता हबकडे येऊ, कारण ज्याला हब उघडून नीट लावता येतो त्याला सायकलचं निम्मं काम येतं. आपल्याकडे या कामाला ‘ओव्हरऑईल’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल असला तरी मला आपलाच आवडतो, तेल तर त्यात लागतंच. सुरुवात पुढच्या चाकापासून करा, मागे फ्रीव्हील काढायची वेगळी कटकट असते. खाली पांढरं फडकं अंथरा. एका बाजूचा लॉकनट आणि त्याच्या आतला कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) तसाच राहू द्या, फक्त दुसऱ्या बाजूचा काढा, म्हणजे एक्सल (चाकाचा आस) दोन्हीकडे किती बाहेर ठेवायचा याचा हिशोब परत मांडावा लागत नाही. मग एक्सल उचलताना छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक पोलादी गोळ्या, सांडतात. ते सांडणारच, फडकं त्यासाठीच आहे. मोजा. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये पुढे बहुधा ३/१६ इंची छर्रे, एका बाजूला दहा. मागे पाव इंची, एका बाजूला नऊ. मोजून आकडा कागदावर लिहा आणि नवे टाकताना सगळे एकदम बदला. जुन्यात एखादाच नवा घातला तर भार त्याच्यावरच येतो.

कोन पुसून उजेडात फिरवून बघा. छर्रे फिरतात तिथे चकचकीत रेघ दिसली तर ठीक. त्या रेघेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर कोन बदला. कोन बदलता येतो, पण हबच्या आतल्या कपावर असे व्रण असले तर मी तो हब विकत नाही, सरळ भंगारात टाकते. कपात ग्रीस सढळ हाताने भरा, छर्रे त्यात चिकटून राहतात. मागच्या हबमध्ये नऊ घातल्यावर अजून एक मावेल अशी फट दिसते. त्या मोहात पडू नका, दहावा घातला तर छर्रे एकमेकांवर घासत फिरतात.

खरं कौशल्य पुढे आहे. कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, किंचित मागे घ्या, मग पातळ कोन-पान्याने कोन धरून ठेवून लॉकनट आवळा. आवळताना नट कोनाला थोडा आत ढकलतो, म्हणून पहिल्या फटक्यात जमत नाही. मला अजूनही तीनचार वेळा करावं लागतं. क्विक रिलीजचं (पान्याऐवजी लिव्हरने काढायचं) चाक असेल तर अगदी केसभर खेळ, म्हणजे सैलपणा, ठेवा, कारण लिव्हर दाबल्यावर एक्सल आवळला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो. नटाच्या चाकात खेळ ठेवायचा नाही. चाक सायकलला लावून हलकेच फिरवा आणि सोडा. शेवटी जड बाजू खाली येऊन ते झुलत झुलत थांबलं पाहिजे. मध्येच अडून थांबलं तर कोन जास्त कसलाय.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणं यापेक्षा सोपं आहे, लोक उगाच घाबरतात. रिम उजवीकडे झुकते तिथे डावीकडचे स्पोक पाव फेरा कसा, उजवीकडचे पाव फेरा सैल करा. एका वेळी पावच. टायरच्या बाजूने पाहिलं तर निपल (स्पोकच्या टोकाचा नट) घड्याळाच्या दिशेने फिरलं की स्पोक कसला जातो. मधूनमधून स्पोक बोटाने छेडा. एका बाजूच्या सगळ्यांचा सूर साधारण जुळायला हवा. गिअरच्या मागच्या चाकात उजव्या बाजूचा सूर वर लागतो, ते बरोबर आहे.

चेन मी कधी वापरलेली घेत नाही, विकतही नाही. पट्टी लावून पाहा: नव्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरले तर चेन बदला. १/८ जास्त म्हणजे दात्यांची चक्रंही गेलीत, त्यावर नवी चेन घातली तर ती जोर लावताच उड्या मारेल.

देवाणघेवाणीत मला सर्वात फायदा होतो तो वाकलेल्या फ्रेमच्या अख्ख्या सायकलीत. सुटे भाग काढून वेगवेगळे दिले की उरलेलं फुकट पडतं. फक्त ती धडकून वाकली असेल तर तिचं ॲल्युमिनिअमचं हँडल आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) पुढे कोणाला देऊ नका. ॲल्युमिनिअम आधी सांगून तुटत नाही. इतिहास माहीत नसलेल्या कार्बन फायबरच्या भागांना मी हातच लावत नाही. फ्रेम पाहताना हँडलखालच्या नळीच्या मागे, जोडाजवळ, खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) मार बसलाय असं समजा. सीटपोस्ट फिरतो का तेही घेण्याआधीच बघा. पोलादी फ्रेममध्ये गंजून बसलेला ॲल्युमिनिअमचा पोस्ट काढायला माझे दोन रविवार गेलेत. बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर घासून काढलेला असला तर नमस्कार करून निघा.

शिमानो या जपानी कंपनीच्या जुन्या भागांच्या जोड्या लावायच्या असतील तर मागे कोरलेली दोन अक्षरं वाचा. पहिलं वर्षाचं (ए म्हणजे १९७६), दुसरं महिन्याचं. ‘एमसी’ दिसलं की मार्च १९८८. विकताना ही अक्षरं, मोजलेलं माप आणि दोष यांचा जवळून फोटो द्या. ओरखडा दाखवला म्हणून माझं सामान कधी पडून राहिलेलं नाही. पाठवताना एक्सलच्या टोकांवर जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा, नाहीतर ती खोकं फाडून बाहेर येतात. आणि छोटे नट त्याच एक्सलवर परत फिरवून पाठवा, वेगळ्या पुडीत नाही.

शेवटचं माझ्या जिव्हारी लागलेलं आहे. ब्रेक लिव्हरच्या जोडीच्या बदल्यात मी स्टर्मी-आर्चर या जुन्या इंग्लिश कंपनीचा, आतच गिअर असलेला एडब्ल्यू हब घेतला होता. १९३६ पासूनची तीन गिअरची रचना: मधला गिअर सरळ, पहिला २५ टक्के हलका, तिसरा ३३ टक्क्यांनी जड. कवचावर कोरलेले महिना-वर्षाचे आकडे वाचून मी इतकी हरखले की एक्सलमधून निघणारी गिअरची छोटी साखळी आणि उजवा खिडकीचा नट आहे का, हे विचारायचंच राहिलं. हे दोन्ही वेगळ्या पुडीत ठेवलं होतं म्हणे, पुडी काही आली नाही. साखळीची दांडी एक्सलच्या लांबीप्रमाणे लागते, कुठलीही चालत नाही. हब आतून धुतला, ग्रीस भरलं, हाताने फिरवला की मस्त टिकटिकतो. सध्या तो तिसऱ्या खोक्यात आहे.