फुटीची मॅच शुक्रवारी, भांडण गुरुवारी: टॅक्टिक्सवर वाद घालायचा कसा

शुक्रवारची फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच असली की गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर भांडण ठरलेलं, आणि त्याला ना नाहीच, पण घालायचं तर नीट घाला ना भो. "यंदा कॉलिंगवूडच, त्यांच्यात दम आहे" एवढंच म्हणून चहा पिऊन घरी जायचं असेल तर त्याला टॅक्टिक्स लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक अट घालून टाका, जे बोलायचं ते मॅच चालू असताना डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे. दम तपासता येत नाही. "पहिल्या क्वार्टरला मधला बॉल ते जास्त वेळा काढतील पण गोल आपले जास्त होतील, कारण आपला एक माणूस मागे मोकळा उभा असेल" हे तपासता येतं, आणि खोटं निघालं तर बोलणाऱ्याला पुढचा आठवडाभर सोडायचं नाही.

कोणी नवीन माणूस आला असेल (जळगाव-धुळ्याकडे ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघणारे आहेतच किती, आलेल्याला पळवून लावू नका) तर त्याला आधी एवढं सांगा. मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती, दोन्हीकडून १८-१८ जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारलेला बॉल कोणाला न लागता गेला की गोल म्हणजे ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला तर बिहाइंड म्हणजे १, बॉल हाताने फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने मारायचा तो हँडबॉल, आणि निदान १५ मीटर आलेली किक खाली न पडू देता झेलली की मार्क, मग त्याला कोणी अडवायचं नाही, तो निवांत किक मारतो. क्वार्टर चार, २० मिनिटांचे, पण थांबलेला वेळ धरून एकेक अर्ध्या तासाला टेकतो. आणि ऑफसाइड नाही. हे दोनदा सांगा, कारण कोण कुठेही उभा राहू शकतो म्हणूनच तर एवढा वाद होतो.

वेळेचं गणित सोपं आहे. एप्रिलपासून सीझन संपेपर्यंत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे (मार्चमध्ये साडेपाच), पर्थ अडीच तास. तिथली शुक्रवार रात्रीची ७:४० ची मॅच म्हणजे इथे दुपारी ३:१०, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर असताना दुपारी बाहेर पडतोय कोण, कूलर लावून मॅच बघायला याच्याइतकी सोयीची वेळ नाही. शुक्रवारच्या मॅचची टीम साधारण गुरुवारी संध्याकाळी तिकडे जाहीर होते, म्हणजे आपल्याकडे तेव्हा दुपारच असते. टीम बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शेवटच्या घडीला बदल होतात, कोणाचा पाय आखडतो, कोणाला ताप येतो, त्यामुळे गुरुवारी भांडा पण शिक्का मारू नका, पक्कं शुक्रवारी जेवण झाल्यावर.

आता वादाची सुरुवात खेळाडूपासून नाही, मैदानापासून करायची. हे कोणी करत नाही आणि म्हणूनच अर्धे वाद हवेत जातात. क्रिकेटचं मैदान वेगवेगळ्या मापाचं असतं तसंच इथेही, एमसीजी साधारण १६० मीटर लांब आणि १४१ रुंद, जीलाँगचं मैदान १७० लांब पण रुंदी ११५ च्या आसपास, सिडनीचं एससीजी १५५ च्या घरात. गोलपासून ५० मीटरवर जो आर्क, म्हणजे अर्धगोल रेघ, काढतात तो सगळीकडे ५० मीटरच राहतो आणि मधला चौकोनही ५० चाच, त्यामुळे एससीजीवर चौकोन आणि दोन्ही आर्क जवळजवळ चिकटतात, मधून बॉल निघाला की एका किकमध्ये गोलसमोर. तिथे मधली झुंज जिंकणाऱ्याचं पारडं जड, असं म्हणायला आधार आहे. जीलाँगला मैदान अरुंद, बॉल एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवून जागा शोधायची तर जागाच नाही. "आमची टीम बॉल फिरवते, स्विच करते" असं कोणी जीलाँगच्या मॅचआधी सांगून राहिला की त्याला विचारा, फिरवणार कुठे?

हवामान पण बघा. पाऊस असला की बॉल साबणासारखा निसटतो, उंच फॉरवर्डच्या हातात बसत नाही, जमिनीवरचा बॉल उचलणारी बुटकी पोरं कामाला येतात. मेलबर्नच्या डॉकलँड्सच्या स्टेडियमला छत आहे, तिथल्या मॅचला पावसाची चर्चा करणाऱ्याला चहा पाजा आणि गप्प बसवा. वारा असेल तर टॉसला महत्त्व, कारण टॉस जिंकणारा बाजू निवडतो.

मग मधली झुंज. २०१९ पासून मधून बॉल सुरू होताना (अंपायर बॉल वर उडवतो तो सेंटर बॉल-अप) दोन्ही टीमला ६-६-६ उभं राहावं लागतं, पुढच्या भागात सहा, मागच्या भागात सहा, मध्ये सहा, त्यातले चौघे चौकोनात आणि दोघे विंगवर. उंच रकमन उडी मारून बॉल आपल्या पोराकडे टोलवतो, तो पोरगा गर्दीतून काढतो तो क्लिअरन्स. इथे सगळेच म्हणतात "आमचा रकमन भारी". बरं, भारी, पण टोलवलेला बॉल उचलतो कोण? रकमन दहा वेळा जिंकला आणि खालचा बॉल समोरच्याने उचलला तर काय उपयोग. म्हणून वादात रकमनचं नाव आलं की त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या तिघांची नावं पण घ्यायला लावा.

इथेच टॅगरचा प्रश्न येतो, म्हणजे त्यांच्या सगळ्यात चांगल्या मिडफिल्डरच्या अंगाला चिकटून राहायला एक माणूस लावायचा का. यावर दोन्हीकडून चांगलं भांडता येतं. २०२३ मध्ये हॉथॉर्नने फिन मॅगिनिसला कॉलिंगवूडच्या निक डेकोसच्या मागे लावलं आणि डेकोसला अख्ख्या मॅचमध्ये फक्त ५ डिस्पोजल (किक आणि हँडबॉल मिळून) मिळाले, हॉथॉर्न जिंकली. टॅगरवाले हे उदाहरण छातीठोकपणे देतात. उलट बाजूवाल्याने आठवण करून द्यायची की त्याच मॅचमध्ये डेकोसच्या गुडघ्याला मार लागला होता, आणि वर्षअखेरीस कप कॉलिंगवूडनेच नेला. शिवाय टॅगर लावला म्हणजे आपलाही एक माणूस खेळायचा सोडून पाठलाग करत बसला, तो खर्च कोण भरणार ते सांगा. माझं मत विचाराल तर टॅगर लावावा तो हाफ बॅकवरून, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या रांगेतून, खेळ रचणाऱ्याला, मधल्या गर्दीतल्याला नाही, तिथे तसेही सगळे एकमेकांच्या अंगावरच असतात.

पण खरी मेजवानी मागे आहे, बॉलच्या मागे. ६-६-६ फक्त सुरुवातीला, बॉल एकदा सुटला की कोणीही कुठेही पळू शकतो, मग टीम काय करते की एक विंगवाला किंवा हाफ फॉरवर्ड गुपचूप मागे पळतो आणि डिफेन्समध्ये सात विरुद्ध सहा होतात. तो सातवा मोकळा माणूस समोरून येणाऱ्या लांब किक झेलत बसतो. त्याची किंमत अशी की हाफ फॉरवर्ड मागे गेला तर पुढे आपले पाचच उरतात, म्हणजे समोरच्यांचाही एक डिफेंडर मोकळा. तर प्रश्न असा विचारायचा, तुमचा मोकळा माणूस आमच्या मोकळ्या माणसापेक्षा चांगला झेलतो का? याचं उत्तर नावानिशी द्यावं लागतं आणि भलेभले इथे अडकतात.

हे जास्त ताणलं की त्याला फ्लड म्हणतात. २००० साली एसेंडन सगळ्यांना तुडवत चालली होती, त्या वर्षी २५ पैकी २४ मॅच जिंकली आणि कप पण तिचाच, पण जी एक हरली ती वेस्टर्न बुलडॉग्सविरुद्ध, कारण कोच टेरी वॉलेसने माणसं मागे कोंबून एसेंडनच्या फॉरवर्डना जागाच ठेवली नाही. आपली टीम कमजोर असेल तर फ्लडची बाजू घ्या, पण सोबत हेही सांगा की बॉल मिळाल्यावर पुढे मारायचा कोणाला, सगळे तर मागे. त्याच्या उलटं म्हणजे फॉरवर्ड प्रेस, बॉल समोरच्यांच्या भागातच कोंडायचा. कबड्डीत रेडर आत घुसला की कव्हर आणि कॉर्नरवाले साखळी आवळून त्याची परतीची वाट बंद करतात, तसं अख्खी टीम वर सरकते आणि बॉल बाहेर निघू देत नाही. २०१० ला मिक मॉल्टहाउसची कॉलिंगवूड याच्यावर जिंकली, पहिली फायनल ६८-६८ बरोबरीत सुटली आणि पुढच्या शनिवारी परत खेळवली तेव्हा सेंट किल्डाला ५६ पॉइंटने हाणलं. प्रेसचा तोटा साखळी तुटल्यावर कळतो, एक लांब किक डोक्यावरून गेली की मागे मोकळं रान.

बॉल नेण्याच्या पद्धतीवर जास्त वेळ घालवू नका, दोनच टोकं आहेत. छोट्या छोट्या किक मारत, मार्क घेत घेत शांतपणे नेणं, २०१८ ची वेस्ट कोस्ट अशी खेळायची आणि फायनल ५ पॉइंटने जिंकली. नाहीतर हँडबॉल करत पळत सुटणं. २०२१ च्या स्टँड नियमापासून मार्क घेतलेल्यासमोर उभा असलेला माणूस हलला की ५० मीटरची पेनल्टी (किक मारणारा ५० मीटर पुढे जातो), त्यामुळे पळणाऱ्यांची चांदी झाली. मात्र बेंचवरून अदलाबदल त्याच वर्षी टीममागे मॅचला ७५ वर आणली, म्हणजे पळणारे चौथ्या क्वार्टरला दमतात. पळणाऱ्या टीमची बाजू घेणाऱ्याला चौथ्या क्वार्टरचं विचारा.

पुढे उंच का बुटके, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना वाद. आमच्या नानांचं ठरलेलं, "दोन उंच पाहिजेच." त्यांना २०१७ ची रिचमंड दाखवायची, एकटा जॅक रीवोल्ड उंच, बाकी बुटके चपळ पोरं टॅकल करत सुटलेले, आणि अ‍ॅडलेडला फायनलमध्ये ४८ ने हरवलं. नाना त्यावर एवढंच म्हणतात, "तुले काय समजस रे." ठीक आहे, तो पण एक मुद्दाच.

नेमबाजी मात्र सगळे विसरतात. स्कोअर लिहिताना गोल, मग बिहाइंड, मग बेरीज. २०२३ ची फायनल कॉलिंगवूड १२.१८ म्हणजे ९०, ब्रिस्बेन १३.८ म्हणजे ८६. गोल ब्रिस्बेनचे जास्त, कप कॉलिंगवूडचा, कारण चान्स त्यांनी भरपूर तयार केले. २००८ ला उलटं, जीलाँग ११.२३ म्हणजे ८९ आणि हॉथॉर्न १८.७ म्हणजे ११५. त्या २३ मधले ११ तर हॉथॉर्नच्या डिफेंडरांनी स्वतःहून बॉल मागे ढकलून दिलेले, १ पॉइंट द्यायचा आणि बॉल परत आपल्या ताब्यात घ्यायचा, लबाडी एवढी गाजली की २००९ पासून मुद्दाम असं करण्यावर नियमच आला. तर "आम्ही ५० मीटरच्या आत बॉल जास्त वेळा नेऊ" असं कोणी म्हटलं की लगेच विचारा, नेऊन मारणार कुठून? समोरून की कोपऱ्यातून? चांगला डिफेन्स तुम्हाला आत येऊ देतो पण कोपऱ्यात ढकलतो.

वाद घालताना एक गंमत करून बघा, पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने समोरच्या टीमचा कोच व्हायचं. कॉलिंगवूडवाल्याने कॉलिंगवूडला कसं हरवायचं ते सांगायचं. आपल्या टीमची दुखरी नस आपल्यालाच माहीत असते, त्यामुळे यात जे बाहेर येतं ते नंतरच्या दोन तासांत येत नाही. आणि वयाने मोठे बोलत असतील, आबा, नाना, कोणी असोत, तर मध्ये तोडू नका, बोलून होऊ द्या आणि मग "नाना, पण त्यांच्या मोकळ्या माणसाला कोण अडवेल ते सांगा ना" असं हळूच विचारा. आवाज चढवणाऱ्यापेक्षा हे जास्त लागतं. मेलबर्नला कोणाचा आतेभाऊ शिकायला असेल तर त्याला फोनवर घ्या, पण तो तिथे राहतो म्हणून त्याला जास्त कळतं असं नाही, त्याला पण हीच अट.

शेवटी प्रत्येकाने तीनच गोष्टी लिहून द्यायच्या, कागदावर किंवा ग्रुपवर, मॅच सुरू व्हायच्या आत. एक मधल्या झुंजीबद्दल, एक मोकळ्या माणसाबद्दल, एक गोलसमोरच्या नेमाबद्दल, आणि प्रत्येकीत क्वार्टर लिहायचा. कोण जिंकेल ते लिहायचं नाही, ते नाणं उडवूनही बरोबर येतं. हाफ टाइमला एक गोष्ट बदलायची मुभा द्या, कोचपण बदलतोच ना. ज्याच्या सगळ्यात कमी बरोबर येतील त्याच्याकडे शेवभाजीचं बिल, पाव आणि जास्तीचा रस्सा धरून. क्लिअरन्स आणि इनसाइड फिफ्टीचे (५० मीटरच्या आत बॉल किती वेळा नेला त्याचे) आकडे तिथल्या लीगच्या, म्हणजे एएफएलच्या अ‍ॅपवर लाइव्ह येतात, त्यामुळे लाइट गेली तरी तेवढं मोबाईलवर भागतं. मोकळा माणूस कुठे उभा होता हे मात्र आकड्यात येत नाही, तेवढ्यासाठी एकाने प्रत्येक सेंटर बॉल-अपला बॉल सोडून विंगवाला कुठे पळतो तेच बघत बसायचं, आणि हे काम ज्याची टीम खेळत नाहीये त्यालाच द्या.