फेजोआ शिजवताना लिंबू आधी, पाणी बेताचं
फेजोआ हे पेरूच्या कुळातलं, हिरव्या सालीचं सुवासिक फळ. ते झाडावरून ओढून तोडू नका. पिकलं की आपणच गळतं. रोज वेचा आणि एक कापून बघा. मधला गर काचेसारखा पारदर्शक हवा. पांढरा असेल तर फळ कच्चं, तपकिरी असेल तर उतरलेलं. साल तुरट, म्हणून अर्धं कापून चमच्याने गर काढा. हवा लागताच तो काळवंडतो, तेव्हा अर्धा किलो गराला एका लिंबाचा रस लगेच लावा. मग ७५ ग्रॅम साखर, दोनच चमचे पाणी, मंद आचेवर ८ मिनिटं. फळ स्वतःच भरपूर रस सोडतं. फार उकळलं तर सुवास उडतो, आणि फेजोआची खरी गंमत तर तीच. जास्तीचा गर कच्चाच फ्रीझरमध्ये ठेवा.