ऊसतोडीची उचल आणि मानवी तस्करी : तक्रार नेमकी कशी करावी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) बहुधा लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुन्या देण्यात खर्च झालेली असते. उचल घेणे ही तस्करी नव्हे. मात्र उचल फिटली नाही म्हणून मजुराला फडावरून जाऊ न देणे, त्याच्या बायको-मुलांना अडकवून ठेवणे किंवा हिशेब न दाखवता बाकी पुढच्या हंगामावर ढकलणे ही वेठबिगारीची लक्षणे आहेत. आणि मजुराला अशा पिळवणुकीसाठी फसवून, धमकावून वा आमिष दाखवून नेले असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी तस्करीचा गुन्हा ठरतो. ‘तो आपल्या पायाने गेला होता’ हा बचाव तेथे टिकत नाही, कारण त्या कलमाने पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे.

जिवाला धोका असल्यास प्रथम ११२ वर कळवावे. मूल अडकले असल्यास १०९८ वर. त्यानंतर पोलिसांकडे लेखी अर्ज करावा, आणि खरी कसोटी या अर्जाचीच असते. ‘आमच्या माणसाला सोडवा’ एवढेच लिहिले, तर ‘हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणीत जा’ असे सांगून बोळवण होण्याचा धोका असतो. म्हणून उचल कधी, किती आणि कोणासमोर दिली, किती कोयते (मजूर जोडपी) गेले, गाडी कोणाची होती, फोन कोणी काढून घेतला, मारहाण केव्हा झाली, सोबत मुले किती आहेत, हे क्रमाने लिहावे. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतला असल्यास तेही नमूद करावे आणि हिशेबाच्या वहीचा फोटो मिळाल्यास जोडावा. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी पोलिसांनी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो वर्ग करायचा असतो. अर्जाची एक प्रत जिल्हा पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाला द्यावी.

दुसरा अर्ज, जो बहुतेकांकडून राहून जातो, मजूर जेथे अडकला आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. कारखाना कर्नाटकात असेल तर तेथील. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ नुसार चौकशी व सुटका ही त्यांची जबाबदारी आहे. मजूर घरी परतला म्हणजे काम संपले असे मानू नये, वेठबिगारीतून सुटका झाल्याचे मुक्तता प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा करावा. पुनर्वसन योजनेतील ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत त्याच आधारे मागता येते. वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच रद्द होते, आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे पैसे देणाऱ्यावर असतो.

मराठवाड्यातून माणसे केवळ बाहेर जातात, असे समजण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदणाऱ्या मजुरांना साखळदंडाने बांधून ठेवल्याचे उघड झाले होते. शिवारात अनोळखी मजूर दिसले आणि ठेकेदार त्यांना कोणाशी बोलू देत नसेल, तर पोलीस पाटलांनी त्याची दखल घेतलीच पाहिजे.

सुटकेनंतर मुकादम वसुलीसाठी दारात येण्याची शक्यता असते. प्रमाणपत्राची प्रत गावच्या पोलीस ठाण्यात आधीच देऊन पोच घ्यावी, आणि वकील हवा असल्यास १५१०० या क्रमांकावरून विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मागावा.