दारूचं वय, घरातलं राजकारण आणि आपलं मत: पंगत न मोडता कसं बोलायचं

मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या जेवणाला आमच्याकडे बारा-तेरा माणसं होती, आणि माझा चुलतभाऊ, वय २२, इंजिनिअरिंगचं लास्ट इयर, श्रीखंड वाढून घेता घेता बोलून गेला की काय फालतू कायदा आहे यार, मी आमदार निवडून देऊ शकतो पण रम पिऊ शकत नाही. वाक्य तसं चूक नव्हतं. पण समोर आत्या बसली होती. आत्याने हातातली पुरी संपवली, ताटाला नमस्कार केला आणि हात धुवायला म्हणून उठली ती परत आलीच नाही, मागच्या ओट्यावर जाऊन बसली. काका याच्याकडे बघतायत, आई माझ्याकडे बघतेय, आणि हा विचारतोय की मी काय चुकीचं बोललो?

रात्री गच्चीवर त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण घरात दारूचा विषय निघाला की आपल्याकडे एक तर सगळे गप्प बसतात नाहीतर थेट एकमेकांचं खानदान काढतात, मधलं काही नसतंच.

सगळ्यात आधी कायदा नीट माहीत करून घ्या, अर्धवट माहितीवर तोंड उघडलं की पंगतीतला कोणीतरी रिटायर्ड काका तुम्हाला तिथेच उताणा पाडतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ आणि हार्डला, म्हणजे व्हिस्की रम व्होडका वगैरे, २५. मतदानाचं वय १८, तेही १९८९ पासून, त्याआधी २१ होतं. सरपंच किंवा नगरसेवक व्हायला २१ लागतात. म्हणजे बावीस वर्षांचा सरपंच ग्रामसभेत दारू दुकानाच्या ठरावावर अध्यक्ष म्हणून बसू शकतो पण कायद्याने स्वतः क्वार्टर घेऊ शकत नाही, हे उदाहरण द्या, हे चालतं. "आमदार होता येतं पण पिता येत नाही" हे मात्र देऊ नका कारण आमदार व्हायलाही २५ च लागतात, तिथे फसाल. भाऊ नशीबवान, तो "निवडून देऊ शकतो" म्हणाला.

आणि दुसऱ्या राज्याचं उदाहरण देताना जरा जपून. दारू हा विषय राज्यांकडे आहे म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा, केरळात २३, युपीत २१, दिल्लीत २५, गुजरात आणि बिहारमध्ये तर बंदीच. त्यामुळे "देशाचा कायदा" असं काही बोलू नका, तसा एकच कायदा नाहीये.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते आणि मला सगळ्यात भारी वाटते ती. आपल्याकडे जो कायदा आहे त्याचं नावच दारूबंदी कायदा आहे, १९४९ चा. म्हणजे मुळात बंदी आहे आणि तुम्ही जे पिताय ती सवलत आहे, परवाना काढून मिळालेली. एक दिवसाचा परवाना विदेशीला ५ रुपये, देशीला २, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १००० रुपये. आणि त्या परवान्यावर कारण काय, तर प्रकृती राखण्यासाठी! बारला आपण "परमिट रूम" म्हणतो ना, ते याच परमिटवरून, पण पन्नास वेळा तो बोर्ड वाचलेल्या माणसालाही विचारा की तुझं परमिट कुठाय, तो हसेल. मी एकदा हौस म्हणून एका बारमध्ये वेटरला म्हणालो दादा परमिट फाडा की माझं, तर तो आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला, मॅनेजर माझ्या बुटांकडे बघत विचारतो साहेब एक्साइजमधून का? पुढचा अर्धा तास चकणा फ्री. वय मात्र कोणी विचारलं नाही, तेव्हा मी २३ चा होतो.

हा किस्सा पंगतीत सांगायला चांगला आहे कारण त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही आणि मुद्दा आपोआप पोचतो, की आकडा २५ ठेवा नाहीतर ५० ठेवा, काउंटरवरचा माणूस विचारतच नसेल तर तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं तर हीच पहिली असायला हवी होती. बोलायच्या आधी पंगतीत नजर फिरवा. कोणाच्या घरात दारूने काय केलंय हे तुम्हाला माहीत असतं, फक्त बोलताना आठवत नाही. आमच्या आत्याचे यजमान ४१ व्या वर्षी गेले, लिव्हर. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे "आजारी होते" असंच म्हणतात, वीस वर्षं झाली तरी. त्या माणसाने पंचविशीनंतरच सुरू केली होती म्हणे, म्हणजे वयाचा कायदा तिथे काही कामाचा नव्हता, पण हे तुम्ही आत्याला तोंडावर सांगणार आहात का? नाही ना. मग तिच्यासमोर "माझा हक्क" या शब्दाने सुरुवात करू नका. तिला विचारा. आत्या तुला काय वाटतं गं, किती वय पाहिजे? माणसं मत ऐकून घ्यायला तयार नसतात पण मत विचारलं की बोलतात, आणि एकदा ती बोलली की तुम्हाला बोलायची जागा मिळते.

राजकारण. इथे बहुतेक पंगती मोडतात. कारण विषय दारूचा असतो आणि तिसऱ्या मिनिटाला तो पक्षाचा होतो, मामा एका बाजूला आणि काका दुसऱ्या, आणि मग श्रीखंड गरम होईपर्यंत तेच. माझा सल्ला असा की कुठल्याच पक्षाला सोडू नका, सगळ्यांना एकेक फटका द्या म्हणजे कोणी तुम्हाला आपला किंवा त्यांचा म्हणू शकत नाही. मटेरियल भरपूर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये एका सरकारने दारूबंदी केली, २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारने उठवली, शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे आणि वर्ध्यात तर १९७४ पासून, गांधीजींचा जिल्हा म्हणून. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा विरोधकांनी "मद्यराष्ट्र" म्हणून रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. मग सरकार बदललं, आणि २०२५ च्या जूनमध्ये तिजोरीत पैसे हवे म्हणून विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि धान्यापासून बनवायच्या "महाराष्ट्र मेड" दारूची नवी कॅटेगरी काढली. म्हणजे माईकवर दारू वाईट आणि बजेटमध्ये दारू गोड, हे सगळ्यांचंच आहे.

आमचे मामा निफाडकडचे, द्राक्षवाले, त्यांना विचाराल तर ते म्हणतात वाईन म्हणजे दारू नाहीच, तो शेतीमाल आहे. मी त्यांना म्हणतो मामा, मग बेदाणा खाऊन गाडी चालवतो तशी वाईन पिऊन चालवायची का? ते हसतात पण सोडत नाहीत. त्यांच्याशी वाद जिंकायचा नसतो हे मी शिकलोय, त्यांच्या डोक्यात दारूचं वय हा मुद्दाच नाहीये, त्यांच्या डोक्यात भाव आहे आणि अवकाळी आहे. आणि ते बरोबरच आहे त्यांच्या जागी. एखादा माणूस ज्या पिकावर जगतो त्याबद्दल त्याला तात्विक मत विचारण्यात अर्थ नसतो, पाऊस कसा झाला विचारावं.

पण काहीही करा, निवडणुकीच्या आधीच्या दोन दिवसांत हा विषय काढू नका. मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास ड्राय डे असतो, लोक आधीच चिडलेले असतात, आणि ज्यांनी आधीच स्टॉक करून ठेवलाय ते जास्तच नैतिक बोलतात. गावाकडे त्या ४८ तासांत दारू कुठून येते आणि कोण वाटतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि बरोब्बर तोच माणूस पंगतीत तुमच्या शेजारी बसलेला असू शकतो.

आता स्वतःचं मत. मत द्यायचं तर आकड्यासकट द्या, नुसतं "कायदा बदलला पाहिजे" याला काही अर्थ नाही, पुढचा विचारतो मग किती? मी सांगतो, माझं म्हणणं सगळ्याला २१, बिअर असो की रम, पण दुकानात आधार नाहीतर लायसन्स दाखवल्याशिवाय बाटली मिळता कामा नये आणि न बघता देणाऱ्याचं लायसन्स खरोखर जायला पाहिजे. १८ का नाही? कारण बारावीतली आणि फर्स्ट इयरची पोरं एकाच कट्ट्यावर बसतात, एकाला मिळाली की सगळ्यांना मिळाली. २५ का नाही? कारण २२ वर्षांचा पोरगा नोकरी करतो, घरभाडं भरतो, घरी पैसे पाठवतो, त्याला तुम्ही गुन्हेगार ठरवून ठेवलंय आणि मग तो बारमध्ये न जाता कोणाच्या तरी रूमवर बंद दाराआड पितो, जिथे किती झाली हे बघायला कोणी नसतं. हे माझं मत, तुमचं वेगळं असू द्या, पण असं दोन्हीकडून विचारलेल्या "का"ला उत्तर असलेलं असू द्या.

याच्यावर कोणीतरी पुण्याची पोर्शे काढणारच. काढू द्या, तो मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे किंवा कोणाच्याच नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. तो १७ चा होता. १८, २१, २५, कुठल्याही आकड्यात तो बसत नव्हता, तरी आरोप हाच की त्याला दारू दिली गेली. तेव्हा "बघा म्हणून २५ पाहिजे" असं कोणी म्हणालं की शांतपणे एवढंच विचारा, तेव्हा किती होतं? २५ च होतं. पण हे विजयी आवाजात बोलू नका प्लीज, दोन माणसं मेलीत. आणि गाडीचा विषय निघालाच आहे तर पंगतीतल्या पिणाऱ्यांना सहज सांगून टाका की १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्या वेळेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, आणि मला चढत नाही हे मशीनला कळत नाही.

मग तो प्रश्न येतो. कोणीतरी, बहुतेक आईच, विचारते, तू पितोस का रे? इथे खोटं बोलू नका आणि भाषणही देऊ नका. मी म्हणालो हो, कधीतरी, बिअर, मित्रांबरोबर, गाडी नसते तेव्हा. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली की जेवून पीत जा निदान. याच्यापेक्षा जास्त परवानगी आमच्या घरात मिळत नाही आणि ५ रुपयांच्या कागदापेक्षा ती मला जास्त लागू पडते.

एक राहिलं, फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय अजिबात नको. तिथे आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही, आणि आत्याने "🙏" टाकला तर तो राग आहे की आशीर्वाद हे चार दिवस कळत नाही.

तर त्या दिवशी भावाला मी मागच्या ओट्यावर पाठवलं. सॉरी म्हणू नको म्हटलं, नुसता जाऊन बस आणि विचार की आत्या, तुमच्या गावातल्या त्या आडव्या बाटलीचं काय झालं होतं? त्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की दुकान ठेवायचं की नाही यावर मतदान होतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली, आडवी म्हणजे बंद. पण नुसतं जास्त मतं पडून चालत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारायला लागतो. जी आलीच नाही ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने. आत्या त्या सह्यांसाठी दारोदार फिरली होती, दीर बोलायचा बंद झाला होता तिच्याशी.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. आत्या सांगत होती की उसतोडीला गेलेल्या बायकांची नावं यादीत, मुंबईला लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं यादीत, दोन तर मेलेल्या होत्या त्यांचीही नावं, आणि आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी आडवीच मारली तरी २७ मतं कमी पडली. भाऊ म्हणाला म्हणजे मेलेल्या बायकांनी दुकान वाचवलं? आत्या हसली, त्या दिवसातलं पहिलंच. मग त्याने विचारलं, अजून आहे का ते दुकान?

"आहे की. आता तर स्लॅब टाकलाय. आणि तू रे, तुला रम कशाला पाहिजे, नीट सांग बघू."

भाऊ बराच वेळ काहीतरी सांगत होता. आत्याने श्रीखंडाची वाटी मागवली, मी नेऊन दिली, आणि मला म्हणाली तू जा आत, आमचं चाललंय.