हार्बर सील बघायला जाताय? ओहोटीची वेळ बघून निघा

हार्बर सील, म्हणजे किनाऱ्यालगत राहणारा ठिपकेदार सागरी सस्तन प्राणी, बघायचा तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडायचं. पाणी ओसरलं की खडक आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि सील त्यांवर येऊन पहुडतात. मी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीच जाऊन बसते, म्हणजे ते एकेक करून वर चढताना बघायला मिळतात.

उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक, दोन्ही महासागरांच्या किनाऱ्यांवर हे सील आहेत. शांत खाड्या, नद्यांची मुखं, खडकाळ किनारे त्यांना आवडतात; अलास्कात तर हिमनद्यांपासून सुटलेल्या बर्फावरही ते विसावतात. सुरुवात करणाऱ्यांना मी कॅलिफोर्नियातलं ला होया सुचवते. तिथे मुलांना निर्धास्त पोहता यावं म्हणून १९३१ साली समुद्रात वळणदार भिंत बांधली होती. तिच्या आडोशाची पुळण आज सीलांनी आपलीशी केली आहे. पिल्लांच्या मोसमात, १५ डिसेंबर ते १५ मे, त्या पुळणीवर उतरायला बंदी असते. पण वरच्या कठड्यावरून दुर्बिणीने सगळं छान दिसतं.

जवळच सी लायनही असतात आणि नवख्यांची गल्लत तिथेच होते. कान बघा. सी लायनला छोटी कानाची पाळी असते, हार्बर सीलला नुसतं छिद्र. सी लायन पुढच्या लांब परांवर (वल्ह्यासारख्या चपट्या पायांवर) उठून चालतो आणि मोठमोठ्याने भुंकतो. हार्बर सीलचे पुढचे पर आखूड, त्यामुळे तो पोटावर उसळ्या घेत सरकतो, आणि एरवी फारसा आवाजही करत नाही. पाण्यात मात्र मागचे पर डावी-उजवीकडे हलवत इतका सफाईने जातो की हाच तो प्राणी का, असं वाटावं. लांबी दीड ते पावणेदोन मीटर. अंगावर ठिपके: कुणाच्या फिकट अंगावर गडद, कुणाच्या गडद अंगावर फिकट वलयं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. एकाच सीलचे ठिपके वहीत काढून ठेवा, पुढच्या खेपेला तो ओळखता येतो आणि मग बघण्याची खरी गोडी लागते.

खडकावरचा सील डोकं आणि मागचे पर वर उचलून केळ्यासारखा वाकलेला दिसला तर घाबरू नका, तो आरामात आहे. त्या भागांवर चरबी कमी असते, म्हणून तो ते गार पाण्यापासून वर धरतो.

काळजी करायची ती माना वळल्यावर. एका सीलने डोकं उचलून तुमच्याकडे रोखून पाहिलं की जागच्या जागी थांबा आणि हळूच मागे या. दुसऱ्याची वाट बघू नका. एक घाबरून पाण्याकडे सरकला की पाठोपाठ सगळा कळप धडाधड पाण्यात उतरतो. त्यांची विश्रांती मोडते, आणि त्या गडबडीत आई-पिल्लाची ताटातूट होऊ शकते. निदान ४५ मीटर तरी लांब राहा. कुत्रा सोबत नकोच. अमेरिकेत १९७२ पासून सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

पिल्लू एकटं दिसलं तर? हे मला सगळ्यांना परत परत सांगावंसं वाटतं: ते बहुधा टाकलेलं नसतं. आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मासे पकडायला जाते आणि परत येते. पण माणसं पिल्लाभोवती घोळका करून उभी राहिली तर ती पाण्यातच थांबते. चार ते सहा आठवडेच ते दूध पितं, त्यातली एकेक पाजणी मोलाची. म्हणून त्याला हात लावू नका, पाण्यात ढकलू नका, अंगावर ओला टॉवेल टाकू नका. लांबून त्याच्यावर लक्ष ठेवा. जखम दिसली किंवा आई बराच वेळ फिरकली नाही, तर त्या भागातल्या सागरी प्राणी बचाव केंद्राला फोन करा. नेमकी जागा, पिल्लाचा आकार, ते हालचाल करतंय का, एवढं सांगा, आणि त्यांची माणसं येईपर्यंत इतरांना लांब थांबवा.