फॉग लाईटला रिले लावताय? मग या चुका टाळा

पावसाळा आला की आंबोली, ताम्हिणी, वरंध अशा घाटांतून जाणारे बरेच जण गाडीला जास्तीच्या लाईट लावून घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण लाईट भारीतल्या घ्यायच्या आणि वायर, फ्यूज मात्र दुकानात जे हाताला लागेल ते, इथेच सगळं बिघडतं. लाईट लागत नाही म्हणून लोक रिलेला (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) शिव्या देतात, पण बहुतेक वेळा रिले ठणठणीत असतो आणि दोष आजूबाजूच्या वायरिंगमध्ये असतो.

आधी रिलेच्या पिना समजून घ्या. ८५ आणि ८६ कॉइलच्या (आतली वायरची गुंडाळी, तिला करंट दिला की ३० आणि ८७ जोडले जातात), ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ मधून लाईटला. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट, तो डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून फिरवला तर स्विच वितळणारच. कॉइलला साधारण ०.१५ अँपिअर पुरतो, म्हणून स्विचने फक्त कॉइल चालवायची. पाच पिनांचा रिले असेल तर मधली पिन नीट बघा, ती ८७ए असेल आणि लाईटची वायर तिथे लावली असेल तर लाईट कायम चालू राहते आणि स्विच दाबला की बंद होते. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, ती बघूनच वायर जोडा.

आता फ्यूज. यात अजिबात तडजोड नको. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा, कारण तो लाईटसाठी नाही तर वायरसाठी असतो. फ्यूज पार तिकडे रिलेपाशी बसवला आणि मधली वायर कुठेतरी बोनेटखालच्या पत्र्याला घासून उघडी पडली, तर पूर्ण बॅटरी त्या पत्र्यातून शॉर्ट होते आणि फ्यूज शाबूत राहून वायर पेटते. वरच्या ११० वॅटला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० अँपिअरचा टाकणं हा उपाय नाही, शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

बारीक वायरचा हिशोबच बघा ना, ०.५ स्क्वेअर एमएमची वायर तीन मीटर टाकली तर नऊ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वायरमध्येच जातो, आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. लोक म्हणतात लाईट डुप्लिकेट निघाली!

अर्थिंगचंही (मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणं) तेच. रंगावरच बोल्ट कसून अर्थ दिली जाते, सुरुवातीला चालतं, मग एका पावसात थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट बुरशीसारखा थर येतो आणि लाईट मिणमिणायला लागते. रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, थिंबल नीट क्रिंप करा, म्हणजे पकडीने वायरवर दाबून पक्कं करा, वरून ग्रीस लावा. नुसती पिळलेली वायर आणि त्यावर टेप, हे तर नकोच.

बिघाड शोधताना कान लावा. स्विच दाबल्यावर रिले टिक वाजतो पण लाईट नाही, म्हणजे कॉइलची बाजू ठीक आहे, मग फ्यूज, ३०, ८७ आणि लाईटची अर्थ तपासा. टिकच नाही, तर ८५-८६ वर मीटर लावून बघा, स्विच दाबल्यावर बारा व्होल्ट यायला हवेत. व्होल्ट येतात आणि तरी टिक नाही तेव्हाच रिले बदला. लाईट लागते पण मंद, तर इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग लाईटच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर नाहीतर अर्थ गंडलीय. कनेक्शन देताच फ्यूज उडाला तर रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का बघा, तसल्या रिलेला ८६ वर प्लस आणि ८५ वर मायनसच लागतो, उलटं चालत नाही.

जुन्या बाईकवाल्यांनी एक लक्षात ठेवा, बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये हेडलाईट एसीवर चालते, तिथून ट्रिगर (कॉइल चालवणारा करंट) घेतला की रिले कडकड वाजत राहतो आणि लवकर मरतो. इग्निशन ऑन केल्यावरच करंट येणारी डीसी वायर शोधा, बहुतेक बाईकना ब्रेक लाईटच्या स्विचकडे येणारी वायर तशी असते. काही जपानी बनावटीच्या कारमध्ये हेडलाईटचा मायनस स्विच होतो, प्लस कायम असतो, त्यामुळे टेस्ट लॅम्प (वायरमध्ये करंट आहे का दाखवणारा दिवा) लावून खात्री केल्याशिवाय ट्रिगरसाठी हाय बीमची वायर तोडू नका.

ट्रिगर थेट बॅटरीवरून घेऊ नका, स्विच चालू राहिला तर सकाळी धक्का मारायची वेळ येते. आणि रिले बसवताना पिना खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.