बीएड महाविद्यालयात तंत्रज्ञान आले, पण वर्गात पोहोचले नाही? या चुका टाळा

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) निकषांनुसार बीएड महाविद्यालयाला आयसीटी म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे केंद्र ठेवावेच लागते. त्यामुळे गोव्यात शिक्षक घडवणाऱ्या संस्थांकडे साधनेच नाहीत, असे म्हणायची सोय उरलेली नाही. तरीही बीएड होऊन बाहेर पडलेली शिक्षिका वाळपई किंवा सांगेकडच्या शाळेत रुजू झाली की थोड्याच दिवसांत सगळे विसरून खडू-फळ्यावर येते. खडू-फळा वाईट मुळीच नाही. पण कुठल्या घटकाला फळा पुरतो आणि कुठे तो कमी पडतो, हे तिचे तिला ठरवता येत नाही, ही खरी अडचण आहे. ते ठरवायला शिकवणे प्राचार्यांच्या हातात असते आणि त्यासाठी लागणारी बरीचशी कामे बिनपैशाची आहेत.

आधी खरेदी, मग विचार

मार्च अखेरीला अनुदान खर्ची टाकायचे म्हणून डिजिटल फळ्याचे पॅनल येते, उद्घाटन होते, फोटो छापून येतो. जूनमध्ये वर्ग सुरू झाले की कळते, ते चालवायला एकालाच जमते. खरेदीचा प्रस्ताव करण्याआधी प्रत्येक अध्यापन पद्धतीच्या (म्हणजे एखादा शालेय विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या) प्राध्यापकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या विषयातला कुठला घटक छात्राध्यापकांना (बीएडच्या विद्यार्थ्यांना) वर्गात नीट पोहोचवता येत नाही? भूमितीवाले सांगतील, आकृती हलवून दाखवता येत नाही. विज्ञानवाले सांगतील, विद्युतमंडल जोडायला साहित्य पुरत नाही. या दोन्हींवर जिओजेब्रा (भूमितीसाठी) आणि फेट (विज्ञानासाठी) ही फुकट साधने आहेत. फेटची अनेक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, मराठीतही मिळतात.

आणि दुरुस्तीचे पैसे खरेदीच्या प्रस्तावातच धरा. आपल्याकडचा पाऊस उपकरणांचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर बंद कपाटात पडलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगाला दमटपणामुळे बुरशी धरते. तो आठवड्यातून एक-दोनदा तरी अर्धा तास चालवावा, वीज जा-ये करत असेल तर यूपीएसवरच जोडावा आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहू नये.

"आयसीटी ना? ते त्या मॅडमकडे!"

एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीने बीएड दोन वर्षांचे केले आणि आयसीटीची चिकित्सक समज हा अभ्यासक्रमाचा भाग झाला. हेतू चांगला होता. पण झाले असे की, हा एक वेगळा पेपर आहे आणि तो एका प्राध्यापकाने शिकवायचा, असा समज घट्ट बसला. मग छात्राध्यापक संगणक कक्षात स्लाइड करायला शिकतात आणि मराठीच्या पद्धतीच्या तासाला तंत्रज्ञानाचे नावही निघत नाही.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये टीपॅक (TPACK) या चौकटीची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे की विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून चालत नाही. कवितेच्या तासाला लागणारे साधन वेगळे, अपूर्णांकाच्या तासाला लागणारे वेगळे, आणि ते विषय शिकवणाऱ्यालाच कळणार. म्हणून दर सत्रात प्रत्येक पद्धतीच्या प्राध्यापकाने साधन वापरून एक आदर्श पाठ द्यावा. पहिला पाठ प्राचार्यांनी स्वतः घ्यावा. परिपत्रक काढण्यापेक्षा याने लवकर फरक पडतो, कारण प्राचार्य सर्वांदेखत अडखळले आणि तरी पुढे गेले की बाकीच्यांची भीड चेपते.

निरीक्षण तक्त्यातला तो रकाना

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. सराव पाठाच्या निरीक्षण तक्त्यात "शैक्षणिक साधनांचा वापर" असा रकाना असतो आणि त्याला गुण असतात. छात्राध्यापक हुशार असतात. गुण कशाला आहेत ते त्यांना बरोबर कळते. मग पाठ कुठलाही असो, शेवटची पाच मिनिटे एक व्हिडिओ लागतो. निरीक्षक टिक करतात, पाठ उत्तम ठरतो आणि मुले अंधारात बसून कुठल्या तरी परक्या समुद्राचे चित्र बघतात.

भरती-ओहोटीचाच पाठ घ्या. शाळा चोडणची किंवा दिवाडीची. चारही बाजूंना नदीचे पाणी, गावात खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली सखल शेती), बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार. भरतीला नदीचे पाणी दाबले की मानशीच्या झडपा आपोआप बंद होतात, ओहोटीला आतले पाणी त्या उघडून बाहेर पडते. हे त्या मुलांनी लहानपणापासून पाहिले आहे. अशा वर्गात इंटरनेटवरचा व्हिडिओ दाखवण्यात काय हशील? पण तंत्रज्ञानाला इथे खरे काम आहे. मोठ्या माणसासोबत बांधावर जाऊन, एकाच जागेवरून, रोज दिवसाची भरती पूर्ण चढते तेव्हा पाण्याच्या पातळीचा फोटो वेळेसकट घ्यायचा. आठवड्याने ते ओळीने लावले की भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मुले स्वतः शोधून काढतात. मग मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक उघडायचे आणि आपल्या गावात पाणी किती उशिरा चढते ते ताडून बघायचे. फळ्यावर हे होत नाही, कारण फळा आठवडाभराचे पाणी साठवून ठेवत नाही.

म्हणून तक्त्यातला तो रकाना बदला. "साधन वापरले का" याऐवजी तीन गोष्टी विचारा: या साधनामुळे मुलांनी असे काय केले जे त्याविना जमले नसते? साधन कोणाच्या हातात होते, शिक्षकाच्या की मुलांच्या? आणि साधन न वापरण्याचा निर्णय योग्य होता का? तिसऱ्या प्रश्नाला पूर्ण गुण द्या. विचार करून फळाच निवडणाऱ्या छात्राध्यापकाचे गुण कापले, तर आपण त्याला खोटे वागायला शिकवतो.

विद्यापीठाचा तक्ता ठरलेला असेल तर त्याला हात न लावता, पाठानंतरच्या चर्चेत हे तीन प्रश्न विचारता येतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शाळा न बघता पाठ बसवणे

दोन वर्षांच्या बीएडमध्ये शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा आहे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. छात्राध्यापक महाविद्यालयाच्या वायफायवर पाठ बसवतो आणि शाळेत पोहोचल्यावर मोबाइलला रेंजच नसते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागांत हे नेहमीचे आहे. आंतरवासिता (हा शाळेतला अनुभव) सुरू होण्याआधी प्रत्येक शाळेची एक पानी नोंद करा: वर्गात प्लग कुठे, वीज कधी जाते, कुठल्या कंपनीची रेंज, पडद्यावर ऊन येते का, शिक्षक एकटाच चार वर्ग सांभाळतो का. मुख्याध्यापकांना फोन केला तरी यातले बरेचसे कळते.

मग सगळे आधीच उतरवून न्या. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा मजकूर मोबाइलमध्ये साठवता येतो, फेटची सिम्युलेशन आणि जिओजेब्रा नेटशिवाय चालतात. एकशिक्षकी शाळेत तर दोन टॅब पुष्कळ झाले: एक गट टॅबवर ऐकून वाचतो, तोवर शिक्षक दुसऱ्या इयत्तेला शिकवतो. चित्र पडद्यावर येत नसेल तर विंडोज आणि पी ही बटणे एकदम दाबून "डुप्लिकेट" निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून यावा ते बदला. एवढे दोन उपाय लक्षात असले तरी अर्धे पाठ फसायचे वाचतात.

टाचण उघडले आणि अक्षरे गायब

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या नोट्स दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. या फाँटमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात; फाँट नसला की संगणक ती मूळ अक्षरे दाखवतो. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीन छात्राध्यापकाचे स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही, हे मला जास्त गंभीर वाटते. यापुढे सगळे युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर तीच अक्षरे दिसतील अशा पद्धतीत), असा नियम करा. जुन्या नोट्स कन्व्हर्टरमधून काढल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास घोळ होतो. परीक्षेच्या दिवशी पीडीएफच पाठवा.

मुलांचे फोटो आणि एआयचे टाचण

पाठाचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे दिसणारे फोटो महाविद्यालयाच्या वॉट्सॲप ग्रुपवर पडतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, असा दंडक आहे. फोटो हवाच असेल तर फळ्याचा, वहीचा, मुलांनी केलेल्या कामाचा घ्या.

एआयने लिहिलेले पाठ टाचण पकडण्यासाठी सॉफ्टवेअर घेऊ नका. ते चुकीच्या माणसावर संशय घेऊ शकते. त्यापेक्षा टाचण हातात घेऊन छात्राध्यापकाला समोर बसवा आणि विचारा: तुमच्या वर्गातली कुठली मुले या प्रश्नावर अडतील, आणि अडली तर तुम्ही काय कराल? एआय वापरला असेल तर त्याने दिलेले मूळ टाचण आणि आपण केलेले बदल, दोन्ही शेजारी शेजारी लावून द्यायला सांगा. गुण बदलांना द्या.